घड्याळावर काय दिसावं, काय दिसू नये

नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर दिवसभर हात पुढे करावा लागतो, गोळ्यांची पट्टी द्यायला, सुटे पैसे घ्यायला, आणि त्याच हातावर स्मार्टवॉच. मागच्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांचा व्हॉट्सॲप मेसेज आला, पेशंटच्या नावानिशी: यांचं एस्सिटालोप्रॅम १० (नैराश्यावरची गोळी) चालू ठेवा. घड्याळ थरथरलं, स्क्रीन उजळली आणि समोरच्या बाईंनी वाचून घेतलं. "अय्या, ह्या तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या! डोक्याच्या गोळ्या घेऊन राहिल्या काय?"

त्या पेशंट वहिनींनी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि ते माझ्या मनगटावरून गेलं. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी घड्याळ आणि फोन घेऊन बसले. तेव्हा जे केलं तेच इथे लिहिते आहे.

आधी सेटिंगला हात लावू नका. एक दिवस घड्याळ जे जे दाखवेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा आणि तीन रकाने करा: कुणीही पाहिलं तरी चालेल, फक्त मी पाहावं, मनगटावर नकोच. वेळ, पावलं, पाऊस पहिल्यात. घरच्यांचे फोन दुसऱ्यात. बँकेचे एसएमएस, ओटीपी, लॅबचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे मेसेज तिसऱ्यात. माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब निघाला.

आता तो तिसरा रकाना घड्याळावरून काढा. बहुतेक घड्याळं फोनवर आलेल्या नोटिफिकेशनची फक्त नक्कल उतरवतात. पण फोनच्या लॉक स्क्रीनवर मजकूर लपवला म्हणजे घड्याळावरही लपला, असं समजू नका. मी तिथेच फसले होते. घड्याळाच्या ॲपमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथे एकेक ॲप बंद करता येतं. दोन-तीन हजारांच्या घड्याळात बहुधा एवढंच हातात असतं, सगळं दाखव नाहीतर काहीच दाखवू नको. मग व्हॉट्सॲप आणि एसएमएस सरळ बंद करा, फोन तेवढे चालू ठेवा. ॲपल वॉचमध्ये मधला रस्ता आहे: आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये, नोटिफिकेशनच्या भागात, टॅप केल्यावरच पूर्ण मजकूर दिसेल अशी सोय आहे. आयफोनवर व्हॉट्सॲपच्या आत मजकुराची झलक बंद करता येते. अँड्रॉइडवर मी डॉक्टरांच्या चॅटला व्हॉट्सॲपचं चॅट लॉक लावलं. ही सोय २०२३ मध्ये आली. लॉक केलेल्या चॅटचा मेसेज आला की ना नाव दिसतं ना मजकूर, फक्त मेसेज आल्याचं कळतं.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कॉन्टॅक्टमधली नावं. माझ्या फोनमध्ये 'शुगरवाले काका', 'फिटची मुलगी नंदनवन' अशी नावं होती. मेसेज बंद केले तरी फोन वाजला की तेच नाव मनगटावर! एका रविवारी बसून सगळ्यांच्या नावातून आजार काढले. दोन तास लागले, पण ते दोन तास द्याच.

मग उजेड. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की स्कूटीवर घड्याळ दिसावं म्हणून आपण ब्राइटनेस पूर्ण वाढवतो. तेच झगझगीत घड्याळ घेऊन सीताबर्डीला मेट्रोत शिरलो की दांड्याला धरलेला हात शेजारच्याच्या नाकासमोर असतो. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा. सतत चालू राहणारी स्क्रीन आणि मनगट उचललं की उजळणारी स्क्रीन, दोन्ही कामाच्या वेळेत बंद करा. फोनला लावतात तशी प्रायव्हसी फिल्म मी लावून पाहिली, उपयोग झाला नाही. त्या फिल्ममध्ये बारीक उभ्या पट्ट्या असतात, त्या डाव्या-उजव्या बाजूनं बघणाऱ्याला अडवतात. काउंटरवर तर माणूस समोरच उभा असतो. त्यापेक्षा डायल मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घाला. हात पालथा पुढे केला की समोरच्याला पट्टाच दिसतो.

चष्म्यातले डिस्प्ले मात्र मुळातच वेगळ्या विचारानं घडलेत. २०२५ च्या मेटा रे-बॅन डिस्प्लेमध्ये उजव्या काचेत छोटी स्क्रीन आहे, ती घालणाऱ्यालाच दिसते, बाहेर उजेड फारसा फुटत नाही. २०२४ मध्ये विक्रीला आलेल्या ॲपल व्हिजन प्रोला, म्हणजे डोळ्यांवर बांधायच्या मोठ्या गॉगलसारख्या यंत्राला, आतली स्क्रीन वेगळी आणि बाहेरच्यांसाठी वेगळी. बाहेरच्या स्क्रीनवर घालणाऱ्याचे डोळे दिसतात. पण या दोन्हींत कॅमेरे आहेत, तेव्हा दवाखान्यात किंवा माझ्यासारखीच्या दुकानात येताना ते काढूनच या.

आता पहिल्या रकान्याकडे परत या, कारण काही गोष्टी अनोळखी माणसाला दिसायलाच हव्यात. आपल्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, किती पेशंट आहेत! रस्त्यात चक्कर येऊन पडलात तर उचलणाऱ्याला ते कळलं पाहिजे. फोनच्या इमर्जन्सी माहितीत रक्तगट, सिकलसेल, इन्शुलिन, कुठल्या औषधाची ॲलर्जी आणि घरच्या एकाचा नंबर भरा, आणि लॉक असतानाही दिसेल हा पर्याय चालू करा. ॲपल वॉचवर बाजूचं बटण दाबून धरलं की मेडिकल आयडीची पट्टी येते, ती सरकवली की ही माहिती उघडते. साध्या घड्याळात अशी सोय नसेल तर रक्तगट आणि नंबर कागदावर लिहून, सेलोटेप लावून पट्ट्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

सगळं झाल्यावर तपासून पाहा. मी भाच्याला काउंटरच्या पलीकडे उभं केलं आणि बहिणीला मेसेज, फोन, सगळं करायला लावलं. "मावशी, फोन कुणाचा आहे ते दिसते, बाकी काही नाही दिसत जी," तो म्हणाला. मग त्यालाच माझा लॉक केलेला फोन देऊन विचारलं, माझा रक्तगट कोणता? त्याला शोधायला मिनिटभर लागलं. मी त्याला अजून दोनदा करायला लावलं.