स्वतःच्या सर्व्हरवरून ऐकताना नवे संगीत कसे शोधावे

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेल्या संगीतसंग्रहात आपल्याला पूर्वी आवडलेलेच संगीत असते. नवे काही त्यात आपोआप येत नाही. स्ट्रीमिंग सेवांना ही अडचण येत नाही, कारण त्यांच्याजवळ असंख्य श्रोत्यांच्या ऐकण्याच्या नोंदी असतात, तर आपल्या सर्व्हरजवळ एकट्या आपली. म्हणून आपली नोंद इतरांच्या नोंदींशी जोडून घ्यावी लागते.

त्याआधी संग्रहातील टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली कलाकार, अल्बम अशी माहिती, दुरुस्त करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. एकाच कलाकाराचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर कोणतीही शिफारस यंत्रणा त्याला तीन वेगळे कलाकार समजण्याचा धोका असतो. म्युझिकब्रेन्झ या संगीताविषयीच्या खुल्या माहितीकोशाचे पिकार्ड हे मोफत साधन फाइलच्या ध्वनीवरूनही गाणे ओळखते आणि त्यात म्युझिकब्रेन्झचा ओळख क्रमांक लिहिते. मात्र ध्वनिमुद्रण दुर्मीळ असेल तर त्याने सुचवलेली जुळणी तपासूनच जतन करावी.

त्यानंतर ऐकण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या लिसनब्रेन्झ या संकेतस्थळावर खाते उघडून तेथील टोकन, म्हणजे खाते जोडणारा गुप्त संकेत, सर्व्हरला द्यावे. नॅव्हिड्रोम या संगीत सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते वैयक्तिक सेटिंगमध्ये भरता येते. अशाच नोंदी ठेवणाऱ्या, २००२ पासून चालत आलेल्या लास्ट.एफएमलाही नॅव्हिड्रोम जोडता येते आणि तेथील जुना इतिहास लिसनब्रेन्झमध्ये आणता येतो. रूढ नियमानुसार गाणे अर्धे किंवा ४ मिनिटे, यांपैकी जे आधी होईल तेवढे ऐकले की त्याची नोंद होते. म्हणजे ४० मिनिटांची रचना पाचव्या मिनिटाला सोडून दिली तरी ती ऐकली असेच धरले जाते. लिसनब्रेन्झवरील नोंदी सार्वजनिक असतात, हेही खाजगीपणासाठी स्वतःचा सर्व्हर उभारणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

पुरेशा नोंदी जमल्यावर लिसनब्रेन्झ दर आठवड्याला प्लेलिस्ट तयार करते. 'वीकली जॅम्स'मध्ये परिचित गाणी असतात, तर 'वीकली एक्सप्लोरेशन'मध्ये न ऐकलेली. आपल्या कामाची दुसरी.

तरीही माझा अधिक विश्वास श्रेयनामावलीवर आहे. यंत्रणा 'हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकले' एवढेच सांगते. एखाद्या गाण्यातील बासवादन आपल्याला का खिळवून ठेवते, हे तिला ठाऊक नसते. म्युझिकब्रेन्झवर त्या ध्वनिमुद्रणाचे पान उघडावे, वादक, निर्माता आणि ध्वनिमुद्रक यांची नावे पाहावीत, आणि त्यांपैकी एकाच्याच मागे जावे. वादकाने दुसऱ्या कोणासोबत केलेले काम बहुधा वेगळ्याच शैलीतले निघते, आणि लोकप्रियतेच्या हिशेबाने चालणारी शिफारस तिथपर्यंत क्वचितच पोहोचते. नोंदी सर्वत्र पूर्ण नसतात. अशा वेळी अल्बमसोबतची पुस्तिका पाहावी.

सापडलेले संगीत विकत घेतल्यावर ते थेट मुख्य संग्रहात मिसळू नये. त्यासाठी वेगळे फोल्डर ठेवावे, प्रत्येक अल्बम निदान तीनदा ऐकावा, आणि मगच तो ठेवायचा की काढायचा हे ठरवावे. पहिल्याच ऐकण्यात दिलेला निकाल मला पुष्कळदा फिरवावा लागला आहे.

खरेदी करण्यापूर्वी मात्र नॅव्हिड्रोममध्ये एक स्मार्ट प्लेलिस्ट, म्हणजे दिलेल्या अटीनुसार आपोआप भरणारी यादी, करावी आणि तिची अट 'वाजवल्याची संख्या शून्य' अशी ठेवावी. संपूर्ण अल्बम घेऊन त्यातली दोनच गाणी ऐकली, असे किती वेळा झाले आहे ते या यादीच्या लांबीवरून कळते.