लिफ्ट उचलेना? ऑइलचा डबा फोडण्याआधी या चुका टाळा

छाटणी झाली की मणेराजुरी-सावळज या द्राक्षबागांच्या पट्ट्यात पहाटेपासून ट्रॅक्टरला जोडलेले फवारणीचे ब्लोअर घुमायला लागतात आणि नेमका त्याच आठवड्यात मिस्त्री फोन उचलेनासा होतो. तक्रार बहुतेक ठरलेली असते: औषधाची टाकी भरली की ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारे हायड्रोलिक हात, उचलत नाही. मग जो तो हायड्रोलिकमध्ये ऑइल ओततो. मीही ओतलंय. माझा २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर बागेत राबतो, आणि त्याच्यावर मी केलेला निम्मा खर्च लेव्हल चुकीची बघितल्यामुळे झाला.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इंजिन थोडंफार ऑइल जाळतं, हायड्रोलिक जाळत नाही. लेव्हल खरोखर उतरली असेल तर ते ऑइल कुठंतरी गेलंय. ते कुठं गेलं हे न शोधता वरून भर घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं.

डबा आणायच्या आधी सीटजवळचे लिव्हर बघा. पोझिशनच्या (अवजाराची उंची ठरवणाऱ्या) जागी ड्राफ्टचा (ओढीनुसार खोली सांभाळणारा) लिव्हर हलवला गेला असेल, किंवा ट्रॉलीला ऑइल देणारा कॉक ट्रॉलीकडेच राहिला असेल, तर लिफ्ट हलणार नाही. अवजार खाली सोडायचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद असेल तर उचललेलं खाली येणार नाही. पोरं सीटवर बसून खेळली की हे हमखास होतं.

लेव्हल कुठं आणि कशी बघायची

माझी पहिली चूक बांधावरची. ट्रॅक्टर उताराला, रोटावेटर वर उचललेला, इंजिन नुकतंच बंद केलेलं. लेव्हल बघायच्या काडीच्या (डिपस्टिक) टोकाला जेमतेम ऑइल दिसलं म्हणून दोन लिटर ओतलं. दुपारपर्यंत ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) ऑइल बाहेर, मागचं चाक तेलकट आणि त्यावर बागेतली माती थापलेली. ऑइल कमी नव्हतंच. लिफ्ट वर असताना त्यातलं काही सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं आणि उतारावर उरलेलं एका बाजूला सरकतं.

तेव्हापासून शेडसमोरच्या फरशीवरच बघतो. अवजार जमिनीला टेकलेलं, ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काडी काढायच्या आधी तिच्याभोवतीची धूळ फडक्यानं पुसायची, नाहीतर ती सरळ आत पडते आणि पुढं स्ट्रेनर (ऑइलची जाळी) चोंदतो. काडी कोरडी करून परत घालायची, मग रीडिंग घ्यायचं. काही मॉडेलमध्ये काडी आट्यांवर नुसती टेकवून बघतात, काहींत पूर्ण फिरवून. ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर शोरूममध्ये विचारा, अंदाज बांधू नका.

कमी असेल तर अर्धा-अर्धा लिटर घाला. इंजिन चालू करून लिफ्ट चार-पाच वेळा वरखाली करा, खाली टेकवा, बंद करा, थांबा, परत बघा. फिल्टर बदलल्यावरही असंच करायचं, कारण नवा फिल्टर स्वतःत ऑइल भरून घेतो.

जास्त झालं तर राहू देऊ नका. ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं. ड्रेन बोल्ट थोडा सैल करून काढता येतं, किंवा वरून नळीनं ओढून. फवारणीची जुनी नळी मात्र नको, तिच्यात औषध आणि पाणी दोन्ही असतं.

कुठलं ऑइल?

बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक एकाच ऑइलवर चालतात, आणि ब्रेक ऑइलमधले असतील तर तेही त्यातच. दुकानात ६८ नंबरचं साधं हायड्रोलिक ऑइल स्वस्त मिळतं म्हणून तेच घातलं तर लिफ्ट चालेलही, पण ब्रेक कुरकुरायला लागतील. अशा ट्रॅक्टरला वेट ब्रेकचं (ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकचं), म्हणजे यूटीटीओ प्रकारचं, गिअर-ब्रेक-हायड्रोलिक सगळ्यांना चालणारं ऑइल लागतं.

दुसरा घोटाळा मागून आणलेल्या ट्रॉलीचा. तिच्या जॅकमध्ये कुणाचं तरी जुनं, काळं ऑइल असतं. दोन खेपा झाल्या की ते तुमच्या ट्रॅक्टरच्या हाउसिंगमध्ये (ऑइल साठतं त्या पेटीत) आणि तुमचं चांगलं ऑइल तिच्यात. ट्रॉली सोडल्यावर लेव्हल वरखाली झाली तर नवल वाटून घेऊ नका.

काडीवरचं ऑइल काय सांगतं

फेस थोड्या वेळात बसला तर आत हवा जातेय: ऑइल कमी आहे किंवा पंपाकडे जाणाऱ्या पाइपचा क्लिप सैल, ओ-रिंग गेलेली. सोबत पंप किंचाळतो. रात्रभर उभा ठेवूनही ऑइल ताकासारखं पांढुरकं राहिलं तर पाणी गेलंय, बहुधा प्रेशरनं धुताना. ते सगळं बदलावंच लागतं.

सकाळी लिफ्ट सुस्त आणि तासाभरानं ठीक असेल, तर ऑइल जाड आहे किंवा स्ट्रेनर चोंदलाय. उलट, सकाळी ठीक आणि तापल्यावर उचलेना, तर पंप किंवा आतले सील झिजलेत. वजन उचलून इंजिन बंद केल्यावर अवजार झपाट्यानं खाली बसतं का, तेही बघा. बसत असेल तर गळती आतली आहे, लेव्हल वाढवून काही होणार नाही.

बाहेर कुठंच थेंब नाही, तरी हायड्रोलिक उतरतंय? मग इंजिनची काडी काढा. पंप इंजिनच्या गिअरवर चालणारा असेल आणि त्याच्या शाफ्टचं सील गेलं, तर ऑइल इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन ऑइल न घालता वाढलेलं दिसलं की ट्रॅक्टर तिथंच बंद करा.

आणि पाइपवरची गळती बोट फिरवून शोधू नका. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत ऑइल पसरत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळ धरा, डाग पडेल तिथं भोक. तरी धार लागलीच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना हायड्रोलिकचं ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.