स्मारक म्हणून अर्पण केलेला चर्चचा ऑर्गन कसा सांभाळावा

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील अनेक खेड्यांनी रणांगणावर कामी आलेल्या आपल्या मुलांच्या स्मरणार्थ चर्चला ऑर्गन अर्पण केले आणि त्यांवर नावांची पितळी पाटी बसवली. नाशिक परिसरातील एखाद्या मंडळीकडे पायांनी भाता चालवायचा असा ऑर्गन असेल, तर तो कुलपात ठेवू नये. हे स्मारक उपासनेत वाजावे म्हणूनच दिलेले असते, शिवाय न वाजणारा ऑर्गन लवकर बिघडतो.

पाटीला चिंच, लिंबू किंवा भांडी उजळण्याची पावडर कधीही लावू नये, कारण दर घासणीत अक्षरांच्या कडा झिजतात आणि खोदकामात भरलेला काळा रंग निघून जातो. कोरडे, मऊ सुती कापड पुरे. अंधारात टॉर्च एका बाजूने तिरपा धरून छायाचित्र घेतल्यास पुसट अक्षरेही उठून दिसतात. नावे जशी कोरली आहेत तशीच वहीत उतरवावीत आणि मगच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी व नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदींशी ताडून पाहावीत. एखाद्या नावापुढे १९२० साल दिसले, तर ती चूक समजू नये. कमिशन पहिल्या महायुद्धाच्या नोंदीत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरते.

आपल्याकडे वाद्याचा खरा शत्रू पावसाळा. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून ऑर्गन ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर दूर आणि फळीवर ठेवावा, तसेच वाळवी व उंदीर यांच्यासाठी मागची बाजू वेळोवेळी उघडून पाहावी. भात्याची परीक्षा सोपी आहे: सर्व स्टॉप (वेगवेगळे आवाज चालू-बंद करणाऱ्या खुंट्या) बंद करून, एकही पट्टी न दाबता पायटे चालवावेत, ते जड लागून तो जोर काही वेळ टिकला पाहिजे. लगेच ओसरला, तर कापड किंवा चामडे फाटले आहे असे समजावे. एखादा सूर मुका झाला, तर बहुतेक वेळा पितळी जिभेखाली (हवेने कंप पावून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीखाली) धुळीचा कण अडकलेला असतो. तो मऊ ब्रशने काढावा, जीभ वाकवू नये आणि तेल तर मुळीच घालू नये; सूर जुळवण्याचे काम मात्र जाणकार कारागिराकडेच द्यावे.

ही तपासणी ऑक्टोबरात उरकावी, म्हणजे ११ नोव्हेंबरच्या स्मरणदिनापूर्वी दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्तीसाठी पाटी वेगळी काढू देऊ नये, आणि कोणता भाग केव्हा बदलला याची नोंद नावांच्या त्याच वहीत लिहून ठेवावी.