स्मिथसोनाइट घेताय? आधी किचनच्या काट्यावर तोलून बघा

निळसर हिरवा, द्राक्षाच्या घडासारखे गोळे गोळे आलेला, वरून रेशमी चमक असलेला दगड ऑनलाइन "मन शांत करणारा स्मिथसोनाइट" म्हणून दिसतो आणि लगेच घ्यावासा वाटतो. पण जरा थांबा, कारण याच नावाखाली प्रेहनाइट, रंगवलेला कॅल्सेडनी असं काहीही खपवतात आणि नुसत्या फोटोवरून ओळखणं खरंच अवघड असतं.

स्मिथसोनाइट म्हणजे झिंक कार्बोनेट, जस्ताचं दुय्यम खनिज. दुय्यम म्हणजे हलक्या प्रतीचं नाही हां, आधीच्या खनिजापासून नंतर तयार झालेलं. जमिनीत स्फॅलेराइट असतं, म्हणजे जस्त आणि गंधक, त्यावर वरून झिरपणारं पाणी आणि हवेतला ऑक्सिजन काम करत राहतात, गंधकाचं आम्ल होतं, जस्त पाण्यात विरघळतं आणि ते पाणी वाटेत चुनखडीला भेटलं की आम्ल मरतं आणि जस्त कार्बोनेट होऊन बसतं, कधी थरावर थर चढून ते गोळे बनतात. म्हणून हा दगड खाणीच्या वरच्या भागात सापडतो आणि बहुतेक वेळा चुनखडी किंवा डोलोमाइट आसपास असतोच.

रंग भेसळीतून येतो. तांबं असेल तर हिरवा-निळा, कोबाल्ट असेल तर गुलाबी, कॅडमियममुळे पिवळा. न्यू मेक्सिकोमधल्या केली खाणीचा निळा-हिरवा सगळ्यात गाजलेला, तिथे शिसं आणि चांदी काढताना हाच दगड आधी टाकून द्यायचे! नामिबियातलं त्सुमेब आणि ग्रीसमधलं लाव्रिओन पण प्रसिद्ध. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळतात ती झिओलाइट, अपोफिलाइट, प्रेहनाइट, त्यामुळे कोणी "नाशिकचा स्मिथसोनाइट" म्हणून हिरवे गोळे दाखवले तर ते प्रेहनाइट असण्याचीच शक्यता जास्त.

आता मुख्य गोष्ट, वजन. स्मिथसोनाइट दिसतो त्यापेक्षा जड असतो, त्याची घनता साधारण 4.3 ते 4.45, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा तो इतके पट जड. ग्रॅम दाखवणारा किचनचा काटा घ्या आणि दगड कोरडा तोला, समजा 86 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, दगडाला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. आता काट्यावर जो आकडा येईल त्याने 86 ला भागा. 20 आला तर 4.3, स्मिथसोनाइटशी जुळलं. 30 च्या आसपास आला तर प्रेहनाइट, 33 आला तर कॅल्सेडनी, आणि 25 आला तर हेमिमॉर्फाइट असू शकतो, तो पण जस्ताचाच पण सिलिकेट, म्हणजे कार्बोनेटऐवजी सिलिका असलेला. दगडाला खाली दुसरा खडक चिकटलेला असेल तर मात्र हा हिशोब चुकतो.

स्मिथसोनाइट आणि हेमिमॉर्फाइट या दोघांना पूर्वी एकच नाव होतं, कॅलामाइन. जेम्स स्मिथसन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 मध्ये छापलेल्या लेखात ही वेगवेगळी खनिजं असल्याचं दाखवलं, म्हणून 1832 मध्ये ब्यूदां या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने झिंक कार्बोनेटला स्मिथसनचं नाव दिलं. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली तीही स्मिथसनच्याच पैशातून.

क्रिस्टल हीलिंगवाले गुलाबी आणि हिरवा स्मिथसोनाइट अनाहत चक्राशी जोडतात, ताण कमी होतो, रुसवेफुगवे मिटतात असं मानतात. याला वैज्ञानिक पुरावा नाही. आपल्या रसशास्त्रातलं, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधशास्त्रातलं, खर्पर म्हणजे कॅलामाइन असं बरेच अभ्यासक मानतात, पण तिथे त्याचं शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून आणि भस्म बनवून, औषध करायचे, दगड उशाशी ठेवायचा हा प्रकार वेगळा आणि अलीकडचा. माझी मावशी गुलाबी तुकडा हातात धरून रोज दहा मिनिटं शांत बसते, तिला बरं वाटतं, त्यात वाईट काहीच नाही, फक्त बीपीची गोळी तिने एक दिवसही चुकवलेली नाही आणि तुम्हीही चुकवू नका. दगड पाण्यात ठेवून ते पाणी पिणं मात्र अजिबात नको, जस्ताच्या खाणीतल्या दगडासोबत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असू शकतं.

"शुद्धीकरणासाठी" मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा असं सांगतात ते पण टाळा. आणि तांब्याच्या भांड्यासारखं लिंबू-चिंच तर नकोच, कार्बोनेट आहे, आम्लाने चमक जाते ती परत येत नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, लगेच मऊ कपड्याने टिपून घ्या. कठीणपणा 1 ते 10 च्या मोह्स मापावर जेमतेम 4 ते साडेचार, चाकूने सहज ओरखडा उठतो, त्यामुळे क्वार्ट्झसोबत एकाच डब्यात टाकू नका, वेगळा सुती कपड्यात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठीवर खाणीचं नाव आणि तुम्ही काढलेली घनता लिहून ठेवा.