निबंध लिहिताना आधी एक वाक्य ठरवा

वही, पेन आणि विषय समोर आहे असं धरून चालते. विषय दोनदा वाचा आणि निबंध कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा: वर्णनात्मक, आत्मकथन, कल्पनाप्रधान की वैचारिक. घड्याळाचं आत्मवृत्त मागितलं असताना घड्याळाविषयी माहिती लिहिली, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मुद्दे उतरवा. कच्च्या कागदावर सुचेल ते लिहा. क्रम आणि शुद्धलेखन आत्ता बघू नका.

एक वाक्य ठरवा. इथे मात्र थांबा. निबंध फसतो तो याच टप्प्यावर. शिकताना मलाही हाच भाग सर्वात जड जायचा, कारण कोणी तो सांगतच नव्हतं. 'मुद्दे काढा आणि विस्तार करा' एवढाच मंत्र मिळायचा. आजही तोच दिला जातो आणि तो अर्धवट आहे. विषय दुसऱ्याने दिलेला असतो. त्यावर आपल्याला काय म्हणायचंय हे ठरल्याशिवाय विस्तार करायचा कशाचा?

'मोबाइल: शाप की वरदान' हा नेहमीचा विषय घ्या. कच्च्या कागदावर बहुधा हे मुद्दे येतात: संपर्क सोपा झाला, माहिती मिळते, घरबसल्या व्यवहार होतात, खेळ, डोळ्यांवर ताण, अपुरी झोप, अभ्यासात व्यत्यय, फसवणूक. याचा सरळ विस्तार केला की चार फायदे, चार तोटे आणि शेवटी 'म्हणून मोबाइलचा वापर योग्य प्रमाणात करावा' असा निबंध तयार होतो. त्यात चूक काही नसते, पण लिहिणारा त्यात कुठेच नसतो. तपासणाऱ्याने तोच निबंध त्या गठ्ठ्यात कितीदा तरी वाचलेला असतो.

आता स्वतःला विचारा: यातलं मी स्वतः काय पाहिलंय? रांगेत उभं असताना, बसची वाट पाहताना, जेवणाचं ताट येईपर्यंतच्या दोन मिनिटांतही हात खिशाकडे जातो, हे तुम्ही पाहिलेलं असतं. त्यावरून वाक्य तयार होतं: 'मोबाइलने आपल्याला माहिती दिली, पण आपला रिकामा वेळ काढून घेतला.'

हे वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहा आणि एकेक मुद्दा त्याला लावून पाहा. माहिती आणि संपर्क राहतात, कारण वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांचाच आहे. खेळ राहतो, रिकामा वेळ तोच भरतो. झोपही राहते, पण वेगळ्या कारणाने: अंथरुणावर पडल्या पडल्या दिवसभरातलं आठवत राहण्याची वेळही गेली. डोळ्यांचा ताण आणि फसवणूक गळतात. शिवाय यादीत नसलेला एक मुद्दा हाती लागतो: कंटाळा आला की मुलं काहीतरी नवं शोधून काढायची, आता कंटाळाच येऊ दिला जात नाही.

गळलेले मुद्दे परत आत घेऊ नका. 'एवढा चांगला मुद्दा वाया कसा घालवू?' असं वाटतंच. तरीही काढा.

वाक्य जमलंय का हे दोन गोष्टींवरून कळतं. एक, ते ऐकून कोणी 'मला नाही पटत' म्हणू शकलं पाहिजे. 'मोबाइलचे फायदेही आहेत आणि तोटेही' याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून ते निरुपयोगी. दोन, त्यासाठी तुमच्या पाहण्यातली निदान तीन उदाहरणं निघाली पाहिजेत. निघत नसतील तर ते वाक्य उसनं आहे, दुसरं शोधा. वर्णनात्मक निबंधालाही हेच लागू. 'पहिल्या पावसात आधी बदलतात ते आवाज' एवढं ठरलं, की पत्रा, पानं, पागोळ्या, बेडूक सगळे आपापल्या जागी येतात.

अर्ध्या तासात निबंध लिहायचा असेल, तर इथवरच्या कामाला सात-आठ मिनिटं द्या. वेळ वाया जातोय असं वाटेल, पण पुढे पेन अडत नाही.

क्रम लावा. एका परिच्छेदात एकच मुद्दा, सर्वात भक्कम मुद्दा शेवटी.

लिहा. सुरुवातीसाठी चार-पाच ओळी मोकळ्या सोडा आणि थेट पहिल्या मुद्द्यापासून लिहा. सुरुवात सुविचाराने करा, मध्ये म्हणी पेरा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. 'आजच्या धावपळीच्या युगात' हे तर कधीच नको. मधला भाग झाला की सुरुवात आपोआप सुचते.

वाचा. घरी असाल तर मोठ्याने, परीक्षेत मनात. श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. 'सांगितले' आणि 'सांगितलं' एकाच निबंधात मिसळू नका; एक रूप धरा आणि शेवटपर्यंत पाळा. 'मुलानी' नव्हे, 'मुलांनी': अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना अनुस्वार हवाच. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद. शेवटी पहिलं वाक्य झाकून पुढचं वाचा. काही अडलं नाही, तर ते पहिलं वाक्य खोडून टाका.