भर दुपारच्या ओहोटीला खेकडे पाहायला जाताना

सगळ्यात आधी पंचांग काढा. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणकी करतात. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला मात्र भरतीच दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि उधाणाची मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी पडते. त्यामुळे अगदी खालच्या खडपावरचे, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरचे जीव भर उन्हात सहसा उघडे पडत नाहीत. दुपारभर तापते ती भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतली किनाऱ्याची वरची पट्टी. खेकडे उन्हाला कसे पुरून उरतात हे पाहायचं असेल, तर चैत्र-वैशाखातली अष्टमी-नवमी गाठा. मुंबईबाहेर वेळा थोड्या सरकतात, तेव्हा जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ हवंच.

मग थर्मामीटर. हवामान खात्याचा त्या दिवसाचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. खेकड्याला स्वतःची ऊब राखता येत नाही, ज्या जागी तो बसलाय तिथलंच तापमान त्याच्या अंगात उतरतं. म्हणून स्वयंपाकघरात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि निघण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपासा. लेझरचा थर्मामीटर फक्त वरचा थर मोजतो, तो जोडीला असला तर ठीक. मोजायचं तीन ठिकाणी: उन्हातल्या चिखलावर, बिळाच्या तोंडाशी आणि बिळाच्या शेजारी वीतभर खोल. सळई बिळात खुपसू नका, आत कुणीतरी आहे. या तीन आकड्यांतला फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात, की खेकडा बीळ का सोडत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुर्बीण आणि बसायला पाट किंवा जाड गोणपाट विसरू नका. कांदळवनाच्या कडेच्या चिखलात फिडलर खेकड्यांची वस्ती असते आणि पावलांची चाहूल लागली की सगळी वस्ती क्षणात गडप होते. दहा-पंधरा मिनिटं न हलता बसलात, की एकेक बाहेर येतो. नर लगेच ओळखू येतो, त्याचा एक डेंगा, म्हणजे नांगी, अंगापेक्षा मोठा वाटावा इतका असतो. हा डेंगा मादीला खुणावण्यासाठी आणि भांडणासाठी, हे खरंच. पण टेक्सासमधल्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं, की तो उष्णता अंगापासून दूर नेऊन वाऱ्यावर सोडतो. डेंगा असलेल्या नरांचं अंग डेंगा नसलेल्यांपेक्षा कमी तापलं. शिवाय ओल्या अंगावरचं पाणी उडतं तसा खेकडा निवतो. हे पाणी संपत आलं की तो बिळात उतरतो, ओला होतो आणि पुन्हा वर येतो. एकच खेकडा निवडा आणि तो किती वेळ वर, किती वेळ आत, हे घड्याळ लावून टिपा. पाठीचा रंग ऊन चढेल तसा फिकट होतो का, हेही पाहा. मला विचाराल तर दहा खेकडे मोजण्यापेक्षा हे एकाच खेकड्याचं टिपण जास्त शिकवतं.

खडपावर जाणार असाल तर उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, हे सोबतच्या मुलांना घरीच पक्कं सांगून ठेवा. याला कारण आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दगडांखाली पोर्सेलिन खेकडे राहतात. वरच्या पट्टीतल्या जातीचं हृदय साधारण 31 अंशांच्या पुढे कोलमडू लागतं, खालच्या पट्टीतलीचं 27 अंशांच्या आसपास. वरची जात काटक खरी, पण तिच्या दगडांखाली कडक उन्हाच्या दिवशी पारा जवळजवळ त्याच हद्दीला टेकतो. जोनाथन स्टिलमन यांनी 2003 साली याहून काळजीची गोष्ट मांडली: ज्या जाती आधीच सर्वाधिक उष्णता सोसतात, त्यांनाच ती हद्द आणखी वर सरकवायला सगळ्यात कमी वाव असतो. आपण काढलेली सावली अशा जिवाला परवडत नाही.

बादली घरीच ठेवा. समुद्राच्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 7.4 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 6.2 च्या आसपास. तिकडे तापलेल्या खेकड्याची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. उन्हातल्या उथळ बादलीत तो दोन्हीकडून कोंडीत सापडतो. फोटो जागेवरच काढा.

बाकी नेहमीचंच: टोपी, भरपूर पाणी, कालवांनी पाय कापू नयेत म्हणून जाड तळाचे बूट, सोबतीला एक जण. कांदळवनात आत शिरायचं असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आधी विचारणा करा. आणि परतीची वेळ कागदावर लिहूनच निघा, कारण भरतीचं पाणी समोरून दिसण्याआधी मागच्या ओहळांत चढलेलं असतं.