थकलेलं पोस्टपेड बिल आणि वसुलीचे फोन
वसुलीवाल्याने धाडलेल्या यूपीआयवर पैसे टाकू नका. एजन्सीचं नाव आणि थकबाकीची लेखी फोड मागा, मग आकडा कंपनीच्या अ‍ॅपवर ताडून पाहा. बिलच चुकीचं असेल तर कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते, शिवाय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच. ‘पोलीस घरी येतील’ ही निव्वळ दमदाटी. साधी थकबाकी ही दिवाणी बाब आहे. कंपनीला कोर्टात दावा करायची मुदत साधारण 3 वर्षं, पण तेवढ्यात थोडे पैसे भरलेत किंवा लेखी कबुली दिलीत तर ती नव्याने मोजली जाते. तडजोडीची रक्कम आधी ईमेलवर घ्या, भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र. थकबाकी असताना नंबर पोर्ट होत नाही.